काचेच्या कपाटातली झूल

महादेवपुऱ्याच्या बाजूला एका सरकारी कारखान्याची वसाहत उभी राहत होती. तिथल्या इस्टेट ऑफिसरने मला आणि माझ्या भावजींना फसवलं. माझ्या हक्काचं जळण त्याने घेतलं, आणि त्याच्या बदल्यात भावजींच्या अंगावर जी संरक्षणाची वस्त्रं चढायला हवी होती ती आपल्या ऑफिसात काचेच्या कपाटात कुलूप घालून ठेवली. त्यामुळे भावजींचा डावा पाय कायमचा ताठ झाला. वर त्यानेच त्यांना निष्काळजी ठरवलं. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळा तपशील आहे, पण तपशील सांगितल्याशिवाय लोक विश्वास ठेवत नाहीत, म्हणून सांगतो.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या राहिलेलं आहे की मूळ गाव कुठलं ते सांगायला आता कोणी उरलेलं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. माझी थोरली बहीण म्हणजे अक्का. तिचे यजमान ते भावजी. वडील गेले तेव्हा घरात दोघांनी ओढायची एक लांब करवत, दोन कुऱ्हाडी आणि मी, एवढंच होतं. त्या करवतीचं एक टोक भावजींनी धरलं आणि दुसरं मी. झाडं तोडायची कामं घेत घेत मी पुढे लाकडाची वखार टाकली. कोणी मला हात धरून वर आणलेलं नाही. भावजी सोडून.

आमची वाटणी ठरलेली होती. झाडाकडे भावजी बघायचे आणि माणसांकडे मी. झाड कुठल्या बाजूला कललं आहे, आतून पोकळ आहे का, पडताना शेजारच्या कुठल्या फांदीला अडकेल, हे सगळं ते झाडाभोवती फिरत मुकाट्याने ठरवायचे. मी तोवर मालकाशी भांडत असे. घासाघीस करण्याची मला कधी लाज वाटली नाही. सिटी मार्केटात दोरखंडवाला मला लांबून येताना बघून दुकानातल्या पोराला ओरडून सांगायचा, "आला रे, चांगले दोर आत टाक!" मला ते कौतुकच वाटे. माझा स्वभाव तापट आहे हेही खरं. पण ठरलेला शब्द मी मोडलेला नाही, आणि दुसऱ्याने मोडला तर मी विसरत नाही.

कारखान्याच्या वसाहतीसाठी जी जागा घेतली होती तिथे जुनी आंब्याची, चिंचेची आणि करंजाची मोठमोठी झाडं होती. कडेला सुरूची दाट रांग होती. ती जागा साफ करायचं काम मला मिळालं. इस्टेट ऑफिसर पुण्याकडचा. गोरा, उंच, इस्त्रीचा बुशशर्ट, बोलणं एकदम शुद्ध. मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा इंग्रजीतून सुरुवात केली त्याने. मी मराठीत उत्तर दिलं तर खुर्चीतून उठलाच.

"अहो, म्हणजे तुम्ही आपले निघालात की! बसा, बसा. चहा मागवतो."

"स्वल्पच घेतो साहेब," मी म्हणालो.

"स्वल्प? स्वल्पविराम की पूर्णविराम?" आणि तो स्वतःच मोठ्याने हसला. "तुमचं मराठी म्हणजे गंमतच आहे बुवा. पण आपला माणूस तो आपला माणूस. या परमुलखात अजून कुणावर विश्वास ठेवायचा?"

परमुलूख त्याचा. माझं ते गाव.  पण त्या वेळी मला उलट बरं वाटलं, हे लिहिताना माझे दात आवळले जातात. दुसरा कुठला मालक असता तर मी दोन माणसं मध्ये घालून, चारचौघांसमोर, मोठ्याने बोलून करार पक्का केला असता. आमच्या धंद्यात तशीच रीत आहे. ठरलेली गोष्ट झाडाखाली उभं राहून सगळ्यांना ऐकू येईल अशी म्हणायची. इथे आम्ही दोघे बंद खोलीत मराठीतून बोललो. बाहेर बसलेला शिपाई तमिळ आणि टेबलापाशी बसलेला कारकून कन्नड.

त्या कारखान्यात परदेशी यंत्रांबरोबर एक मोटरची करवत आली होती. पेट्रोलवर चालणारी, लोखंडी पट्टीभोवती दात असलेली साखळी गरगर फिरवणारी. तशी करवत आम्ही कोणी पाहिलेली नव्हती. ती दाखवायला कारखान्यातला एक परदेशी इंजिनिअर जागेवर आला. पहिली गोष्ट त्याने काय केली, तर करवत खाली ठेवून दिली आणि खोक्यातून एकेक वस्तू काढून अंगावर चढवायला लागला. डोक्याला टणक शिरस्त्राण. डोळ्यांवर जाड काचेचा बंद चष्मा. कानांवर झाकणं. चामड्याचे कोपरापर्यंतचे हातमोजे. टोकाला पोलाद असलेले बूट. आणि शेवटी कमरेपासून घोट्यापर्यंत पुढून बांधायचे दोन जाड पडदे, बाहेरून कॅनव्हास आणि आत कापडाचे थरावर थर. आमची माणसं हसायला लागली. उन्हात तो घामाने निथळत होता, पण मांडीमागचे सगळे पट्टे आवळल्याशिवाय त्याने करवतीला हात लावला नाही.

मग त्याने खोक्यातून तसाच एक जुना पडदा काढला. मांडीच्या जागी तो फाटलेला होता आणि आतले धागे बाहेर लोंबत होते. खुणेने त्याने समजावलं की साखळी मांडीवर आली तर या धाग्यांत गुंतते आणि थांबते. नंतर पट्टीच्या टोकाला बोट लावलं, आणि करवत हातातून उसळून कशी अंगावर येते ते अभिनय करून दाखवलं. टोक कुठे टेकलं की ती घोड्यासारखी बिथरते. भावजींचा चेहरा मी बघत होतो. ते हसत नव्हते.

मला ते तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे. परत येताना म्हणाले, "तम्मा, ही करवत चांगली आहे. पण त्या पडद्यांशिवाय मी तिला हात लावणार नाही."

"सरी भावजी," मी म्हणालो. "मी बघतो."

आणि मी बघितलं. आमच्या धंद्यात खोड मालक नेतो आणि फांद्या, शेंडे, ढलप्या तोडणाऱ्याच्या राहतात. त्या जळणावरच आम्ही जगायचो. वखारीचा अर्धा व्यवहार तोच. इस्टेट ऑफिसरला त्याच्या कँटीनसाठी जळण हवं होतं आणि ते बाहेरून घ्यायला तो तयार नव्हता. तो माझ्या मागे लागला होता. मी म्हटलं, "साहेब, फांद्या घ्या. सगळ्या घ्या. पण मोटरची करवत चालवायची तर ते सगळं सामान जागेवर हवं. रोज. चष्मा, हातमोजे, बूट आणि पायाचे पडदे. माझ्या भावजींच्या अंगावर."

"एवढंच ना? अहो, ते तर त्यासाठीच आलंय," तो म्हणाला आणि हात पुढे केला. "मराठी माणसाचा शब्द."

मी हात मिळवला. असा सौदा मी कधी केला नव्हता. आपल्या तोंडचा घास देऊन मी भावजींचे पाय मागून घेतले होते.

आयुधपूजा आली. दिल्लीहून कोणी बडे लोक वसाहतीचं काम बघायला येणार होते, नेमके त्याच दिवशी. आपल्याकडे त्या दिवशी कोणीही हत्याराला काम लावत नाही. सुतार रंधा ठेवतो, न्हावी वस्तरा ठेवतो, बसवाल्याच्या इंजिनावरसुद्धा झेंडूची माळ असते. आम्ही जागेवर मांडव घातला होता. करवती, कुऱ्हाडी, दोर सगळं धुऊन मांडलं होतं, आणि मध्ये ती मोटरची करवत. तिच्या पट्टीवर अक्काने हळदकुंकवाची बोटं ओढली, माळ घातली, नारळ फोडला आणि चुरमुरे वाटले. तेवढ्यात ऑफिसर फोटोग्राफरला घेऊन आला. बरोबर स्टोअरचा माणूस, त्याच्या हातात खोकं.

भावजींना तिथेच सगळं चढवलं. नवं कोरं. अक्काने पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अय्यो, बघा तरी! बैलाला झूल घातल्यासारखं दिसतंय!"

"हस," भावजी म्हणाले, "बैल तरी वर्षातून एकदाच घालतो. मला रोज घालायची आहे."

तेव्हापासून आमच्यात त्या पडद्यांना झूल हेच नाव पडलं. फोटोग्राफरने भावजींना पडलेल्या खोडावर पाय ठेवून उभं केलं, हातात करवत दिली. फोटो निघाला. पाहुणे चुरमुरे खाऊन गेले. आणि लगेच स्टोअरचा माणूस भावजींसमोर उभा राहिला. "कोडी, कोडी," द्या म्हणाला, आणि एकेक वस्तू उतरवून खोक्यात भरून घेऊन गेला. मला वाटलं, सणाचा दिवस आहे, उद्या आणतील.

दुसऱ्या दिवशी खोकं आलं नाही. त्यानंतरही नाही. कँटीनची बैलगाडी मात्र रोज सकाळी येऊन उभी राहायची आणि फांद्या भरून न्यायची. तिला खाडा नव्हता.

मी ऑफिसात गेलो. दारातून आत शिरलो आणि समोरच पाहिलं. नवं काचेचं कपाट. आत शिरस्त्राण, चष्मा, कानांची झाकणं, हातमोजे आणि खाली झूल, घड्या घालून, पट्टे सुतळीने बांधून. वर पाटी, इंग्रजीत, सुरक्षा प्रथम अशा अर्थाची. कपाटाला पितळी कुलूप.

"कसं दिसतंय?" ऑफिसरने विचारलं. त्याला खरंच अभिमान वाटत होता.

"साहेब, ते कपाटात का?"

"अहो, बाहेरून आलेलं आहे ते. परकीय चलन लागलंय त्याला. रोज त्या मातीत, तेलात वापरलं तर महिन्यात चिंध्या होतील. परत मिळायचं नाही. पाहुणे येतात, दाखवायला लागतं."

"आणि भावजींची मांडी?"

"काय त्यांची मांडी?"

"ती परत मिळते का? देशी आहे म्हणून?"

त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "आवाज कमी. तुम्ही मराठी आहात म्हणून मी ऐकून घेतोय. पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात नाही. सौदा झालाय. फांद्या जातायत, झूल नाही."

"सौदा?" तो म्हणाला. "कसला सौदा? काही लिहिलंय का आपण?"

मी त्या दिवशी त्या कपाटावर हात का मारला नाही, असं मला लोकांनी नंतर विचारलं. मारायला हवा होता असं वाटतं. मी मारला नाही. मी बाहेर आलो आणि जागेवर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की झूल येईपर्यंत मोटरच्या करवतीला कोणी हात लावायचा नाही. आपली जुनी करवत काढा, दोघे दोघे ओढा. काम उशिरा होईल, होऊ द्या. भावजींनी मान डोलावली आणि मोटरची करवत ताडपत्रीखाली झाकून ठेवली.

ऑफिसर रोज येऊन घड्याळ बघायचा. दुसऱ्या ठेकेदाराला बोलावतो म्हणायचा. बोलवा म्हटलं. माझं अर्धवट काम उचलायला दुसरा कोणी येणार नाही हे त्याला माहीत होतं.

मग मी एक दिवस आनेकलला गेलो, चिंचेची काही झाडं बघायला. तेवढा एक दिवस मी नव्हतो, आणि तो त्याने साधला.

पुढचं मला भावजींनी सांगितलं. ते खोटं बोलत नाहीत. ऑफिसर जीपमधून उतरला, भावजींच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "अहो, तुमच्यासारखा कसबी माणूस जुन्या करवतीत कसला वेळ घालवताय? तुमच्या मेहुण्याशी माझं बोलणं झालंय, सगळं मिटलंय. संध्याकाळी झूल इथे येईल, मी स्वतः कुलूप काढून पाठवतो. तोवर या आडव्या आंब्याच्या फांद्या तेवढ्या मोकळ्या करा. कँटीनची गाडी कधीची उभी आहे." भावजींनी विचारलं, "त्याने खरंच सांगितलं?" तो म्हणाला, "मी मराठी माणूस, तुमच्याशी खोटं बोलेन का?"

माझं त्याच्याशी काहीही बोलणं झालेलं नव्हतं. काही मिटलेलं नव्हतं.

भावजींनी ताडपत्री काढली. आंबा पडलेला होता, फांद्या एकमेकांत गुंतलेल्या. तिसऱ्या की चौथ्या फांदीला पट्टीचं टोक पलीकडच्या दुसऱ्या फांदीला टेकलं, पानांत न दिसणाऱ्या. परदेशी इंजिनिअरने बोट लावून दाखवलं होतं नेमकं तेच झालं. करवत उसळली आणि खाली येताना गुडघ्याच्या वर लागली. धोतराशिवाय मध्ये काही नव्हतं.

जवळ उभी होती ती कँटीनची बैलगाडी. आमच्या माणसांनी उपरणं आवळून बांधलं आणि भावजींना गाडीवर घातलं, फांद्यांवरच. फांद्या उतरवायला वेळ नव्हता. मी संध्याकाळी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्यांच्या पाठीला, केसांत आंब्याची पानं चिकटलेली होती. अक्का ती एकेक करून काढत होती. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "झूल कुठे होती रे?"  झूल कुठे होती ते मला माहीत होतं, पण आजारी माणसापाशी मला ओरडायचं नव्हतं.

पाय कापावा लागला नाही. पण गुडघा वाकेना तो वाकेचना. जमिनीवर मांडी घालून जेवणारा माणूस, त्याला स्टुलावर बसून जेवावं लागलं. झाडाभोवती फिरणं संपलं.

कारखान्याने चौकशी समिती बसवली, आणि तिच्यात तो ऑफिसर स्वतः. मला बोलावलं. टेबलावर तोच फोटो ठेवलेला. भावजी खोडावर पाय ठेवून उभे, अंगावर सगळं सामान.

"हा तुमचाच माणूस ना?" समितीत मध्ये बसलेल्या साहेबाने इंग्रजीतून विचारलं, ऑफिसरने मला मराठीत सांगितलं. तोच दुभाष्या! "सामान त्यांना दिलेलं होतं. फोटोत दिसतंय. त्या दिवशी त्यांनी वापरलं नाही. याला आम्ही निष्काळजीपणा म्हणतो."

मी फोटो हातात घेतला. मी लाकूड विकत घेताना जसं बघतो तसं बघितलं. आणि मला दिसलं. करवतीच्या पट्टीवर अक्काच्या बोटांचे पट्टे होते. माळ होती. झुलीवर घडीच्या रेघा होत्या, इस्त्रीच्या कपड्यासारख्या. भुशाचा एक कण नाही, तेलाचा एक डाग नाही.

"हा आयुधपूजेचा फोटो आहे," मी कन्नडमध्ये बोललो, म्हणजे मधल्या साहेबाला सरळ कळेल. तो म्हैसूरकडचा होता. "ही माळ बघा. हे कुंकू बघा. या गावात आयुधपूजेच्या दिवशी कोणी हत्यार चालवतं का, तुम्हीच सांगा स्वामी. ज्या दिवशी करवत चालत नाही त्या दिवशी झूल दिली. ज्या दिवशी चालते त्या दिवशी ती कपाटात. ते कपाट इथेच बाहेर आहे. उघडा आणि झूल आणा इथे. तिच्यावर भुसा सापडला तर मी दोषी."

मधल्या साहेबाने फोटो परत घेतला, डोळ्यांजवळ नेला. त्याला कळलं. मी त्याचा चेहरा बघितला आहे, त्याला कळलं होतं. त्याने ऑफिसरकडे पाहिलं.

ऑफिसर शांतपणे इंग्रजीत काहीतरी बोलला. मग मला मराठीत म्हणाला, "सामान कामाच्या जागी उपलब्ध होतं. मागितलं असतं तर दिलं असतं. मी त्या दिवशी त्यांना करवत चालवायला सांगितलं असं तुम्ही म्हणता. कोणी ऐकलं?"

गाडीवानाला बोलावलं. तो म्हणाला, "एनो माताडिदरु." काहीतरी बोलत होते. काय बोलत होते ते त्याला कसं कळणार? त्याला मराठी येत नव्हतं. माझ्या लोकांपैकी कोणालाच येत नव्हतं. सौदा मराठीत, खोटं मराठीत, आणि ऐकणारे सगळे कन्नड, तेलुगू, तमिळ. तो माणूस या गावात आपली माणसं शोधत होता ते यासाठी. साक्षीदाराशिवाय बोलता यावं म्हणून.

कागदावर निष्काळजीपणा लिहिला गेला. भावजींना काही मिळालं नाही, पण ते सोडा. तो शब्द गावात पसरला. हळदीकुंकवाला गेली की बायका अक्काला म्हणायच्या, "एवढं चांगलं दिलं होतं म्हणे, घातलंच नाही. पुरुषांना सांगायचं कुणी?" अक्काने हळदीकुंकवाला जाणं सोडलं. एक झाड पाडायच्या आधी दहा वेळा फिरून बघणारा माणूस, आणि त्याला निष्काळजी म्हणायचं!

मी त्या कारखान्याचं काम पुन्हा केलं नाही. पुढे मी स्वतः मोटरची करवत घेतली, आणि ती घरात येण्याआधी जटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, घोड्यांचे साज शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. फाटलेल्या पडद्यात जसे थर होते ते मला आठवत होते. तसेच थर घालून, वर कॅनव्हास लावून त्याच्याकडून झुली शिवून घेतल्या. त्याच्याशी मी घासाघीस केली नाही. त्याला आश्चर्य वाटलं. चष्मे वेल्डिंगवाल्यांचे घेतले. माणसं कुरकुरायची, उकडतं अण्णा, चालता येत नाही अण्णा. मी शिव्या घालायचो. भावजी वखारीच्या दाराशी स्टुलावर पाय लांब करून बसायचे आणि कामावर निघणाऱ्या प्रत्येकाला थांबवून मांडीमागचा पट्टा ओढून बघायचे. ढिला असला तर स्वतः आवळायचे.  आमच्या झुली तेलाने काळ्या झाल्या, एकदोन फाटल्या, धागे बाहेर आले. ज्यांच्या फाटल्या ती माणसं आजही दोन पायांवर चालतात.

दशक संपत आलं तेव्हा एका सकाळी तो ऑफिसर वखारीत आला. केस पांढरे झालेले. बनशंकरीच्या देवळाकडे त्याने जागा घेतली होती, घर बांधत होता, दरवाजासाठी जुना सागवान हवा होता. मला ओळखलं त्याने, आणि हसत आला.

"काय हो, ओळखलंत ना? म्हटलं, लाकूड घ्यायचं तर आपल्या माणसाकडूनच घ्यावं. भाव मात्र नीट लावा हं."

भावजी दारातच बसले होते. तो त्यांचा लांब केलेला पाय ओलांडून आत आला. ओलांडून! खाली बघितलंसुद्धा नाही.

"लावतो की," मी म्हणालो. "सागवान आहे, चांगला मुरलेला. फुकट नेऊ शकता."

"फुकट?"

"आत अक्का आहे. तिच्यासमोर उभं राहायचं आणि एक वाक्य म्हणायचं. मी त्यांना झूल दिली नव्हती आणि करवत चालवायला मीच सांगितलं. एवढं म्हणा. मराठीतच म्हणा, तिला कळतं. दरवाजाच काय, खिडक्याही न्या."

तो लाल झाला. "अजून तेच धरून बसलात? समितीने निर्णय दिलाय. इतक्या वर्षांनी..."

"भाव ऐकायचा होता ना? हाच आहे. यात काही कमी होणार नाही."

भावजी मागून म्हणाले, "जाऊ दे तम्मा."

"नाही जाऊ देत!" मी ओरडलो. शेजारच्या वखारीतली माणसं येऊन उभी राहिली. या वेळी मी मुद्दाम कन्नडमध्ये ओरडलो, सगळ्यांना समजेल असं. कपाट, कुलूप, फोटो, आंबा, सगळं. तो वळला आणि या वेळी भावजींच्या पायाला वळसा घालून गेला. दरवाजा त्याने दुसरीकडून घेतला असेल.

साहेब, तुमचं घर मला माहीत आहे. तुमच्या दरवाजाला बाहेरून कुलूप नसतं, तुम्ही घरातच असता, हेही मी बघितलं आहे. भावजी आता नाहीत. शेवटच्या दिवसांतही त्यांना मांडी घालून बसायची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. अक्का आहे. तिच्या नवऱ्याला तुम्ही ज्या शब्दाने ओळख दिलीत तो शब्द अजून तिच्या घरात आहे. झूल कुठे होती, हे तिने हॉस्पिटलात मला विचारलं होतं. तो प्रश्न माझ्यासाठी नव्हता. तुमच्यासाठी होता. या, तिच्या उंबऱ्यावर उभे राहा आणि तिला उत्तर द्या. बाहेर मी माणसं उभी करीन. कन्नड, तमिळ, तेलुगू, सगळी. तुम्ही मराठीतून बोला, मी त्यांना शब्द न् शब्द सांगीन. उत्तर द्या.